राजगड, चारशे मिलिमीटरवर

अहो, काय सांगू! सिंहगडावर कल्याण दरवाज्याच्या अंगाला ट्रायपॉड उभा केला, पेंटॅक्स ६×७ कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि अख्खा राजगड स्क्रीन व्यापून समोर! डोळा काढून पाहिलं तर डोंगर आपला जागच्या जागी, लांब, निळसर. पुन्हा डोळा लावला. पुन्हा तो कातळ, त्याच्या एकेका घळीतली सावली!

मित्राने जुनी टाकुमार लेन्स वापरायला दिली होती, ४०० मिमी, एफ/४. चारशे भागिले चार, म्हणजे पुढची काच निदान १०० मिलिमीटर रुंद हवीच. मग वजन आलंच. इथे ट्रायपॉडवर लेन्स बसते आणि कॅमेरा तिच्या मागे लटकतो!

पस्तीस एमएमवाले म्हणतील, ही तर आमची दोनशेच. दृश्याचा कोन तेवढाच, कबूल. पण निगेटिव्ह साडेचार पट मोठी हो! लाइट टेबलावर लूपखाली पाहिली तेव्हा कड्याच्या धारेवरची झुडपं सुटी सुटी दिसली. एकामागे एक रांगा, प्रत्येक आधीच्यापेक्षा जराशी फिकी, आणि त्या फिकेपणातही तपशील. चंद्राच्या बाबतीत मात्र मोठ्या फिल्मचा काही उपयोग नाही. ४०० मिमीने तो कुठल्याही कॅमेऱ्यात जेमतेम साडेतीन मिलिमीटरच उमटतो.

खरी गंमत शटर दाबताना. या कॅमेऱ्याचा आरसा म्हणजे दार आपटल्यासारखा दणका! म्हणून तो आधीच वर अडकवायचा. व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट. कंप विरेपर्यंत श्वास रोखायचा, वारा पडायची वाट पाहायची, मग केबल रिलीज. १२० च्या रोलवर फ्रेम दहाच, त्यामुळे उगाच बोट चालत नाही. मला तर हे थांबणंच जास्त आवडलं.

याच कॅमेऱ्यासाठी ८०० मिमी एफ/४ सुद्धा निघाली होती, जवळपास १८ किलोंची. २००६ च्या फोटोकिना प्रदर्शनात झाइसने हॅसलब्लाडसाठी १७०० मिमी एफ/४ मांडली, २५६ किलोंची! पाहायला ठीक, गडावर ती कोण चढवणार? पाठीवर घेऊन चढायचं तर चारशे पुरे.

तुम्हालाही अशी लेन्स घ्यावीशी वाटली, तर आधी भक्कम ट्रायपॉडला पैसे घाला.