दशाश्वमेध घाटावरचा कापूर

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर रोज संध्याकाळी गंगेची आरती होते. नागफणा असलेल्या पितळी पात्रातला कापूर तेव्हा वातीवाचून जळतो आणि मागे राख ठेवत नाही. घनरूपातून थेट बाष्प होणे हा त्याचा स्वभाव. ज्योतीत जळते ते हे बाष्पच. रेणूत कार्बनचे दहा अणू आणि ऑक्सिजनचा एकच, म्हणून काजळीही भरपूर.

हा कापूर कापराच्या झाडाचा, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आज बाजारातला बराचसा कापूर पाइनच्या तेलापासून तयार होतो. हिमालयातल्या चीर पाइनच्या खोडाला खाच दिली की चिकट स्राव पाझरतो. तो वाफेबरोबर उकळला की टर्पेंटाईन वेगळे होते आणि तळाशी कठीण राळ उरते. टर्पेंटाईन शेंगदाण्याच्या तेलासारखे स्निग्ध नसते. ते पातळ, उग्र वासाचे आणि झटकन उडून जाणारे असते. राळ, मेण, चरबी त्यात सहज विरघळतात. रंग आणि व्हार्निशच्या धंद्यात त्याला मान आहे तो यामुळेच.

त्यातल्या अल्फा-पायनीनची रचना उत्प्रेरकाने बदलून कॅम्फीन मिळते आणि पुढच्या काही टप्प्यांनंतर कापूर. या खटाटोपामागे पूजा नव्हती, सेल्युलॉइड होते. नायट्रोसेल्युलोज लवचीक करायला कापूर लागे, आणि तैवानच्या कापरावर १८९९ पासून जपानची मक्तेदारी होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आला तेव्हाच्या फिल्मच्या पट्टीतही कापूर असे. चित्रपटातला राजा काशीच्या स्मशानात पोहोचतो, हा योगायोग गंमतीचा. भारतात टर्पेंटाईनपासून कापूर करणारा कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला, तोही उत्तर प्रदेशातच, बरेलीला.

मग झाडाचा कापूर आणि कारखान्यातला कापूर यांत फरक कोणता? रासायनिक सूत्र एकच, वास जवळपास तोच. कापराच्या झाडातले रेणू मुख्यतः एकाच ‘हाता’चे असतात, म्हणून त्यांचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते. कारखान्यात मात्र घडणीच्या वाटेवर ही एकांगी ठेवण हरवते. उजवे आणि डावे रेणू समसमान होतात आणि प्रतल जागचे हलत नाही. कार्बन दोन्हींत झाडानेच हवेतून घेतलेला. त्यामुळे ‘कृत्रिम’ हा शिक्का जरा अन्यायाचाच आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दाने मिळणारा दिलासा त्याहून घातक. कोणताही कापूर लहान मुलाने गिळला तर थोड्या मात्रेतही झटके येऊ शकतात. ‘भीमसेनी’ नावाचेही तसेच. मुळातला भीमसेनी बोर्निओ-सुमात्राकडच्या वेगळ्या वृक्षाचा, आणि तो कापूर नसून बोर्निओल. डबीवरच्या नावावरून हे कळत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापी असेल, तर अल्कोहोलमध्ये विरघळवलेली एक वडी बरेच काही सांगून जाईल.