फिरत्या घराची दुरुस्ती

शिकागोहून पूर्वेकडे मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, इंडियाना राज्यात एल्कहार्ट हे गाव आहे. स्वयंपाकघर, शय्या व स्नानगृह असलेली जी फिरती घरे अमेरिकेच्या महामार्गांवर दिसतात, त्यांपैकी बहुसंख्य याच परिसरात तयार होतात. त्यांचे एक संग्रहालयही येथे आहे. पर्यटक ते पाहण्यासाठी येतात. आम्ही मात्र गेलो होतो एका बिघडलेल्या फ्रिजसाठी.

आमच्या चिरंजीवांनी २००३ सालचे एक जुने मोटरहोम विकत घेतले, ते केवळ आईसाठी. सौभाग्यवतींचा रात्रिभोजनत्याग व कंदमूळत्याग अनेक वर्षांचा असून बाहेरचे अन्न त्या घेत नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या मागील दोन्ही फेऱ्या मुलाच्या घरातच सरल्या होत्या. आता स्वयंपाकघरच सोबत न्यायचे, बार्टलेटच्या जिनमंदिरात दर्शन घ्यायचे आणि मग मिशिगन सरोवराच्या काठाने जायचे, असे ठरले. निघण्याच्या दोन दिवस आधी गाडीत अमोनियाचा उग्र दर्प आला. फ्रिजमागे पिवळी भुकटी साचली होती. मुलाने तत्काळ गॅस बंद केला व दारे-खिडक्या उघडल्या.

एका मोठ्या विक्रेत्याने दहा वर्षांहून जुनी गाडी दुरुस्तीस घेत नसल्याचे सांगितले. दुसऱ्याने पूर्ण फ्रिज बदलण्याचे सुमारे ३,००० डॉलर मागितले, तेही चार आठवड्यांच्या मुदतीने. आमचे परतीचे तिकीट तीन आठवड्यांवर होते. "अहो, माझ्या एकटीपायी एवढा खर्च नको. मी घरीच बरी," सौभाग्यवती म्हणाल्या. ते शब्द मुलाला फार लागले.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी अशाच गाडीतून बराच प्रवास केला होता. त्यांनी सुचविले, "जिथे या गाड्या बनतात, तिथे घेऊन जा. आणि शिपशिवानाच्या आमिश लोकांना विचारा."

वाटेत घड्याळ एक तास पुढे करावे लागते. जूनमध्ये तेथे रात्री नऊनंतर सूर्यास्त होतो, हे ऐकून सौभाग्यवतींना समाधान वाटले. एल्कहार्ट मागे पडल्यावर रस्त्यावर घोडागाड्या दिसू लागल्या. आमिश हा ख्रिस्ती धर्मातील साधेपणाचे व्रत पाळणारा समाज आहे. ते स्वतःची मोटार ठेवत नाहीत आणि घरात विजेची जोडणी घेत नाहीत. तरीही मोटरहोमच्या कारखान्यांत त्यांतील अनेक जण काम करतात. विजेच्या फ्रिजऐवजी गॅसवर चालणारा फ्रिज वापरण्याची रीत त्यांच्यात आहे, म्हणून त्याची नस त्यांना ठाऊक असते.

आम्ही गेलो ती कार्यशाळा एका शेताच्या कडेला होती. हत्यारे दाबाच्या हवेवर चालत होती. दाढीधारी कारागिराने बाहेरील जाळी काढून आत पाहिले आणि शांतपणे समजावले: या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया, पाणी व हायड्रोजन नळ्यांतून फिरतात आणि थंडावा निर्माण होतो. गाडी तिरपी उभी असताना फ्रिज चालू ठेवला, तर प्रवाह अडतो, नळी अति तापते आणि कालांतराने फुटते. पेटी, दार, कप्पे सारे उत्तम आहे. फक्त मागील शीतयंत्रणा बदलावी लागेल. मजुरीसह १,१०० डॉलर.

मुलाने छताचेही काम काढण्यास सुचविले. छतावर चढून पाहिल्यावर कारागीर म्हणाला, "दोन सांध्यांना लुकण भरा, ते तुम्हीच करू शकता. त्याचे पैसे मी का घेऊ?" पेढीवर आयुष्य घालविलेल्या मला त्या एका वाक्यात त्याच्या धंद्याची पत कळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी हाती आली. दरम्यान आम्ही कारखान्यांतील उरलेला माल विकणारी दुकाने पाहिली. तेथे खिडक्या, नळ, कड्या स्वस्तात मिळतात. २००८ च्या मंदीत अनेक उत्पादक बुडाले, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाह्यांगाचे भाग दुर्मिळ झाले. फ्रिज, शेगडी, पाण्याचा पंप यांचे निर्माते मात्र मोजकेच असल्याने त्यांचे सुटे भाग सहज मिळतात. परदेशी अशी गाडी घेणाऱ्या आपल्या मुलांनी प्रत्येक उपकरणावरील क्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र जवळ ठेवावे, अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि 'नेमका कोणता भाग गेला?' हे विचारल्याशिवाय संपूर्ण वस्तू बदलू नये. जागेवर येऊन दुरुस्ती करणारे कारागीरही असतात. गाडी ओढून नेण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

अपरिग्रहाचा विचार आपण बहुधा नवे न घेण्यापुरता करतो. हाती असलेली वस्तू शेवटपर्यंत नीट वापरणे, हेही त्याचेच अंग आहे. आपल्या धर्माचे नावही न ऐकलेल्या त्या कारागिराने ते सहज आचरून दाखविले.

तीन दिवसांनी सरोवराच्या काठी, सूर्य बराच वर असताना, सौभाग्यवतींनी घरच्या दह्याची कढी वाढली. मुलगा गाडीच्या चाकाखाली लाकडी फळी सरकवून ती समतल झाली का, हे पाहत होता.