साचा कोणाचा?

आमच्या घरात टेनिसची रॅकेट कोणी हातात धरलेली नाही. राजारामपुरीतील आमच्या बोळात क्रिकेट चालते, आणि फुटबॉलचे वेड तर कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही. तरीही अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक टेनिस स्पर्धा गेले काही महिने माझ्या डोक्यात घर करून बसली आहे. ती कोण जिंकले म्हणून नव्हे. ती निघून कशी गेली म्हणून!

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची ही स्पर्धा 1996 साली दिल्लीत भरली, 1997 पासून चेन्नईत रमली आणि 2018 साली 'महाराष्ट्र ओपन' या नावाने पुण्यात, बालेवाडीला आली. विजेत्याला जागतिक क्रमवारीचे 250 गुण. दक्षिण आशियात या दर्जाची दुसरी स्पर्धा नव्हती. 2021 साल करोनाने गिळले. पाच स्पर्धा झाल्या, आणि 2024 च्या जानेवारीत वेळापत्रकात पुण्याऐवजी हाँगकाँगचे नाव आले.

मैदान आपले, प्रेक्षक आपले, मग स्पर्धा परक्याची कशी? वाचत गेलो तेव्हा उलगडा झाला. धंद्याच्या भाषेत स्पर्धा म्हणजे मैदान नव्हे, वेळापत्रकातला एक आठवडा. त्या आठवड्याचा परवाना असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो. यजमानाचा करार मोजक्या वर्षांचा. दौऱ्यातील सामने जगभर दाखवण्याचे हक्क एटीपी मीडिया ही संस्था विकते. म्हणजे गॅलरीत बसलेल्या माणसाइतकाच, किंबहुना अधिक, पडद्यापुढचा माणूस मोलाचा! शिवाय जानेवारीत बडे खेळाडू ऑस्ट्रेलियन ओपनच्या तयारीला ऑस्ट्रेलियात जातात. मग पुण्याच्या आठवड्याला भाव कुठून यावा?

हे सारे मी आप्पांना सांगितले. ते उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर आहेत, शाळा चौथीपर्यंत. ऐकून म्हणाले, "म्हंजे पॅटर्न गिऱ्हाइकाचा हाय म्हण की."

मी दहावीत होतो तेव्हाची गोष्ट. एका कंपनीने आपले पॅटर्न उचलून दुसऱ्या गावच्या फौंड्रीत नेले. भट्टी जागेवर राहिली, वाळू राहिली, आप्पांचा हातही तोच राहिला. काम तेवढे गेले. त्या वर्षी माझी परीक्षा-फी आईच्या शिलाई मशीनने भरली.

स्पर्धा गेल्याने कोणाची चूल विझली असे मी म्हणत नाही. पण 2023 साली पुण्याचा पंधरा वर्षांचा मानस धामणे तिथे वाइल्ड कार्डावर खेळला. पहिल्याच फेरीत हरला, पण मोठ्यांच्या कोर्टावर उतरला तर खरा! अशी काही कार्डे यजमानाच्या हाती असतात. आता ती हाँगकाँगच्या मुलांसाठी आहेत, आणि त्यांनाही आज ना उद्या आप्पांचा प्रश्न पडेल.

यावर उपाय नाही का? 1973 साली एका सहकाऱ्यावरील बंदीच्या निषेधार्थ 81 खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला होता. 1990 पासूनच्या दौऱ्याच्या कारभारात खेळाडूंना निम्मा वाटा मिळाला. घाम गाळणाऱ्याने मागितले तर कागदावरही जागा मिळते, एवढे त्यावरून दिसते.

आमच्या घरात ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या येते. करार वाचणारा अजून कोणी झालेला नाही. तेवढ्यासाठी तरी मला ही पदवी पुरी करायची आहे.