आयत्या बिळावर

जनुकीय अभियांत्रिकी म्हटलं की पांढरे कोट आणि सुया डोळ्यांपुढे येतात. निदान वनस्पतींच्या बाबतीत तरी अवघड काम आम्ही करतच नाही. ते करतो मातीतला एक जिवाणू, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स. प्रयोगशाळेत त्याला सगळे नुसतं 'अ‍ॅग्रो' म्हणतात.

गुलाब, द्राक्ष किंवा बदामाच्या खोडाला जमिनीलगत खडबडीत गाठी येतात, त्या याच्याच. स्मिथ आणि टाउनसेंड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये हा गुन्हेगार पकडला. पण पुढे १९४०च्या दशकात आर्मिन ब्राउन यांना एक विचित्र गोष्ट दिसली: जिवाणू मारून टाकला तरी गाठ वाढतच राहते. म्हणजे तो जाताना मागे काहीतरी ठेवून जात होता. १९७४मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात शेल आणि व्हान माँटाग्यू यांना अ‍ॅग्रोच्या पोटात डीएनएचं एक भलंमोठं वर्तुळ, प्लाझ्मिड, सापडलं. १९७७मध्ये सिअ‍ॅटलला मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातलाच एक तुकडा झाडाच्या डीएनएत जाऊन बसतो.

झाडाला जखम झाली की तिथून काही रसायनं पाझरतात. अ‍ॅग्रोला त्यांचा सुगावा लागतो. तो प्लाझ्मिडमधला ठरावीक तुकडा कापतो, आणि प्रथिनांच्या साथीने पेशीत सोडतो. त्या तुकड्यातली काही जनुकं पेशींना बेसुमार वाढवतात, काही त्यांच्याकडून ओपाइन नावाची संयुगं बनवून घेतात. ती झाडाच्या काडीच्याही कामाची नाहीत. अ‍ॅग्रोचं मात्र ते खाद्य. राबायचं झाडाने, जेवायचं याने!

आता यातली मेख. तुकडा कुठून कुठवर कापायचा हे दोन टोकांवरच्या जेमतेम २५ अक्षरी खुणा ठरवतात. मधे काय आहे, याची अ‍ॅग्रोची यंत्रणा चौकशीच करत नाही. आमचा सगळा कारभार या बेफिकिरीवर उभा आहे. मधली गाठीची जनुकं काढायची, हवं ते जनुक घालायचं, खुणा तशाच ठेवायच्या. १९८३मध्ये हे जमल्याचं तीन गटांनी जवळपास एकाच वेळी जाहीर केलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आम्हीच.

प्रत्यक्षात दिसतं ते असं. तंबाखूच्या पानाचे तुकडे अ‍ॅग्रोच्या गढूळ पाण्यात बुडवायचे, टिपून घ्यायचे, दोन-तीन दिवस त्याच्या सहवासात ठेवायचे. मग प्रतिजैविक देऊन अ‍ॅग्रोला घालवायचं; हे नीट झालं नाही तर तो सगळ्या बशीवर साय धरतो. दुसरं प्रतिजैविक, कॅनामायसिन, निवड करतं. हव्या जनुकाबरोबर ते पचवणारं जनुकही घातलेलं असतं; ही जोडी न मिळालेल्या पेशी पांढुरक्या पडतात आणि कापलेल्या कडेवर मात्र मोजके हिरवे कोंब फुटतात. कडेवरच, कारण जखम तिथे असते.

'हे निसर्गाविरुद्ध नाही का?' हा प्रश्न मला दर व्याख्यानात येतो. २०१५मध्ये लागवडीच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले गेले. प्रत्येकात अ‍ॅग्रोच्या कुळातल्या जिवाणूने कधीकाळी घातलेला डीएनए निघाला. एकादशीला आपण जे उकडून खातो, त्यात हा प्रयोग माणसाच्या मदतीवाचून झालेला आहे. अर्थात नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं मी म्हणणार नाही. जनुक कोणतं आणि ते कशासाठी, हे प्रत्येक वेळी तपासावंच लागतं.

कपाशीचंच पाहा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या दुसऱ्या जिवाणूचं कीडनाशक जनुक अ‍ॅग्रोकरवी कोकर ३१२ या अमेरिकी वाणात शिरलं. तिथून संकराने ते जालन्याच्या महिको कंपनीच्या वाणांत आलं. मार्च २००२मध्ये त्यांना परवानगी मिळाली. भारतातलं हे पहिलं जनुकपरिवर्तित पीक. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. गुलाबी बोंडअळीने मात्र आधी एक जनुक पचवलं आणि मग दोन जनुकांचे वाणही. २०१७च्या हंगामात विदर्भाने ते भोगलं. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या टिकतात आणि सोकावलेल्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकार लांबतो. बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावरही पोचली नाही, आणि ती का पेरायची हे शेतकऱ्याला पटेल असं कुणी सांगितलंही नाही. त्याचा दोष अ‍ॅग्रोच्या माथी मारता येणार नाही.