मे महिन्यातला सडा

"झाडाकडे बघत बसायला एवढे पैसे भरून विलायतेला जायचं?" असं आई २०१० साली म्हणाली होती. आत्याने तर "परसातल्या फणसाने काय घोडं मारलंय?" असंही विचारून घेतलं. तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं प्रश्न अगदी बरोबर होता, मलाच उत्तर द्यायचं नव्हतं. कारण ते उत्तर म्हणजे एक कबुली होती. आज ती देऊन टाकते.

तर झालं असं. पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मी पर्यावरण परिणामांचे अहवाल तयार करणाऱ्या एका कंपनीत लागले. हवेचे नमुने, पाण्याचे नमुने, आवाजाची पातळी, मातीचा सामू, आणि शेवटी वनस्पती-प्राण्यांचे तक्ते. २००८च्या मे महिन्यात देवगडकडच्या एका सड्यावर दोन दिवस गेले होते. कोकणातला सडा मे महिन्यात ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जांभ्याचं काळंठिक्कर पठार, कडेला करवंदाच्या जाळ्या, मधे मधे करपलेलं गवत. सातबाऱ्यावर नोंद पोटखराबा. मी तक्त्याखाली लिहिलं, 'उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत.'

खोटं नव्हतं हो ते! खरंच नव्हत्या आढळल्या. पावसाळा सोडून कुठल्याही एका ऋतूची आकडेवारी अशा अहवालाला चालत होती. आमचा ऋतू उन्हाळा होता. कुणीच हरकत घेतली नाही.

त्याच वर्षी गणपतीला मावशीकडे गेले. गाव त्याच पट्ट्यातलं. मावशीने माटवीला बांधायचं सामान आणायला धाकट्या मावसभावाबरोबर पिटाळलं. तेरडा, हरणाची फुलं, कवंडाळ असं काय काय. सड्यावर चढले आणि थांबलेच. काळा दगड कुठे दिसतच नव्हता. सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर, त्यात गेंदाची पांढरी बोंडं, खळग्यांतल्या पाण्यात बेडकांची पिल्लं. सीतेची आसवं ही एवढीशी नाजूक, पण मांसाहारी वनस्पती. सड्यावर माती जेमतेम, तिच्यात पोषण नाही, म्हणून ती मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवते. हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. मावसभाऊ शाळकरी पोरगा, त्याला कुठल्या खळग्याजवळ काय उगवतं ते पाठ होतं. आणि याच सड्यात मुरलेलं पाणी खाली मावशीच्या विहिरीला येतं, हे तर गावात कुणीही सांगेल.

अहवाल तोवर गेला होता. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी लक्षात ठेवू." मीही मान डोलावली. ही ती कबुली. पत्र लिहिता आलं असतं, जनसुनावणीत उभं राहता आलं असतं. नाही केलं. नोकरी नवी होती वगैरे वगैरे. असो.

त्यानंतर एक प्रश्न डोक्यातून जाईना. दोन डोळे आणि एम.एस्सी. असूनही मला सडा का दिसला नाही? त्यातूनच इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये, डार्टिंग्टनच्या शूमाखर कॉलेजचा पत्ता लागला. १९९१ साली तिथला पहिला अभ्यासक्रम घेतला तो जेम्स लव्हलॉक यांनी, 'गाया' सिद्धांतवाले. १९९८पासून प्लिमथ विद्यापीठाची समग्र विज्ञानातली एम.एस्सी. तिथे होती. संस्थापकांपैकी एक सतीश कुमार. मूळचे राजस्थानातले, नऊ वर्षांचे असताना जैन मुनी झालेले, पुढे ते सोडून विनोबांच्या भूदान चळवळीत आलेले आणि १९६२ साली अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघालेले. म्हणजे विलायतेला जाऊन मी पोचले कुठे, तर गागोद्याच्या विनोबांच्या वाटेवर. आईला हे सांगितल्यावर ती जरा निवळली.

तिथे सकाळ ध्यानाने सुरू व्हायची. मग स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळ्यांनी मिळून. 'हे काय आश्रमाचं नाटक' असं पहिले काही दिवस मला वाटत होतं. पण वर्गात गणित होतं, संगणकावरची प्रारूपं होती, आकडे कुणी टाकून दिले नव्हते. फक्त आकड्यांच्या आधी बघायला लावायचे.

एक अभ्यास सांगते. जर्मन कवी गटे वनस्पतींचाही अभ्यासक होता, १७९० साली त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर पुस्तक काढलं. त्याच्या पद्धतीचा हा अभ्यास. एकाच रोपाची पानं खालपासून वरपर्यंत ओळीने कागदावर मांडायची. नाव घ्यायचं नाही, कारण शोधायचं नाही, फक्त बघायचं. मग डोळे मिटून पहिल्या पानाचं दुसरं कसं होतं, दुसऱ्याचं तिसरं, हे मनात चालवायचं. पुन्हा उलटं यायचं. अर्ध्या तासाने लक्षात येतं की रोप म्हणजे यातलं कुठलंच एक पान नाही. रोप म्हणजे पानांच्या मधली ती हालचाल. आणि ती कागदावर कुठेच नाही.

तिथे मला रडू आलं. शेजारच्या ब्राझीलच्या मुलीला वाटलं घरची आठवण आली. मला सडा आठवला होता. मे महिन्यातला सडा म्हणजे त्या ओळीतलं एक पान. मी एका पानावरून अख्ख्या रोपावर शेरा मारून मोकळी झाले होते.

आणखी एक आठवतं. पृथ्वीच्या वयाची पदयात्रा. ४६० कोटी वर्षं म्हणजे ४.६ किलोमीटर, एक मीटरला दहा लाख वर्षं. चालून चालून पाय दुखतात तरी डायनासोर यायचे असतात. ते संपतात शेवटच्या ६६ मीटरवर, आणि आपण माणसं शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये. एक हजार वर्षं म्हणजे एक मिलिमीटर. माझ्या एका ऋतूची जाडी काढायला गेले आणि सोडून दिलं.

यावर "डोळे मिटून पर्यावरण वाचतं का?" असं मला कायम विचारतात. नाही वाचत. त्या सड्याभोवती आज भिंत आहे, आत जांभा खोदून काढलेला आहे, आणि माझ्या रडण्याने त्यात फरक पडलेला नाही. पण आजही मी असेच अहवाल लिहिते, आणि एक फरक पडलाय. पावसाळ्यात एकदा तरी जागेवर जाऊन तासभर वही बंद ठेवून बसल्याशिवाय मी 'आढळल्या नाहीत' हे शब्द लिहीत नाही. त्यामुळे दोन कामं हातची गेली. एका अहवालात मात्र सड्याचा तुकडा वगळून आराखडा बदलला. छोटासाच तुकडा आहे, पण भाद्रपदात जाऊन बघते मी त्याला.

शूमाखर कॉलेजमधले पदवी अभ्यासक्रम २०२४ साली बंद झाले. बातमी वाचून आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "परसातल्या फणसाला यंदा खूप लागलेत. ये, बघत बस."

जाणार आहे. या वेळी पावसाळाभर.