आजव्याची वाट

पावसाळा लागला की आम्हां बडोदेकरांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो : "आजव्याला पाणी किती?" बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याचे नवल वाटते. परंतु या शहराच्या मोठ्या भागाला पाणी पाजणारा हा तलाव. तो काठोकाठ भरून त्याचे पाणी विश्वामित्रीत उतरू लागले की नदीला पूर येतो आणि तेच पाणी उंबरठ्याशी येऊन उभे राहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आमच्या ओसरीवर आले होते. अशा या आजव्याला सहलीच्या निमित्ताने मी कितीदा तरी गेले असेन; परंतु स्वतःच्या पायांनी, तेही धावत जाण्याचा योग आला तो वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

धावण्याचे वेड मला हौसेपोटी लागले नाही. रक्तातील साखर सीमेवर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि मी कमाटीबागेत फिरायला जाऊ लागले. तेथे पहाटे धावणारी एक मंडळी भेटली. त्यांत गुजराती होते, मराठी होते, बँकेतून निवृत्त झालेले होते आणि महाविद्यालयात शिकणारी मुलेही होती. त्यांचे पुढारपण एका निवृत्त क्रीडाशिक्षकांकडे होते. सगळे त्यांना 'साहेब' म्हणत. फिरण्याचे धावणे कधी झाले, ते माझे मलाच कळले नाही.

घरी मात्र माझे सासरे, अण्णा, यांना हे प्रकरण फारसे रुचले नसावे. शहाऐंशी वर्षांचे अण्णा तरुणपणी दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करीत असत. राजरत्न माणिकरावांचे नाव त्यांच्या तोंडी देवाच्या नावासारखे येते. व्यायाम म्हटला की त्याला आखाडा हवा, वस्ताद हवा, लाल माती हवी, अशी त्यांची ठाम समजूत. ते मला कधी अडवीत नसत. पहाटे बूट घालताना फक्त विचारीत, "सूनबाई, कोण लागलंय पाठीमागे?"

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी आजव्यापर्यंतची लांब दौड ठरली. अंतर २० किलोमीटरांहून थोडे अधिक. इतके लांब मी कधीच धावले नव्हते. आदल्या दिवशी साहेबांनी सर्वांना बसवून नियम सांगितले. लांबची दौड ही शर्यत नव्हे; शेजाऱ्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतकाच वेग ठेवायचा. सावकाश धावले तरच शरीर साठवलेली चरबी जाळायला शिकते. घाई केली की स्नायूंतील साखर लवकर संपते आणि पाय जागच्या जागी थांबतात. प्रत्येक थांब्यावर लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी घ्यायचे. नुसते पाणी ढोसायचे नाही. मी मान डोलावली. परंतु साखरेचे पाणी आपण घ्यायचे नाही, हे मनाशी ठरवूनच टाकले होते.

पहाटे साडेचारला काळ्या घोड्यापाशी आम्ही बावीस जण जमलो. सयाजीराव महाराजांचा तो अश्वारूढ पुतळा अंधारात नुसता आकार होऊन उभा होता. विश्वामित्रीचा पूल ओलांडताना कोणी मगरींचा विषय काढला आणि हसत हसत दौड सुरू झाली. रावपुऱ्यातली दुकाने मिटलेली होती. सुरसागराच्या मध्यभागी शंभर फुटांहून उंच शिवमूर्ती दिव्यांच्या उजेडात उभी होती. २०१८ पर्यंत जेथे न्यायालय भरत असे, त्या न्यायमंदिरासमोर एक चहावाला शेगडी पेटवीत होता. लहरीपुरा दरवाजातून आत शिरून मांडवीला वळसा घातला आणि पूर्वेच्या पाणीगेटातून आम्ही जुन्या शहराबाहेर पडलो. इतकी वर्षे या शहरात राहून या रस्त्यांना चढउतार आहेत, हे मला पायांनी त्या दिवशी प्रथम सांगितले.

आजवा रस्त्यावर उजाडू लागले आणि माझी बुद्धी फिरली. पाय हलके वाटत होते, वारा गार होता. पुढे चाललेल्या तरुण मुलांच्या टोळीत मी सामील झाले. साहेब मागून "धीमे, बेन, धीमे!" म्हणून ओरडले, मी हात हलवून पुढे गेले. महामार्ग ओलांडला, दोन्ही बाजूंना शेते सुरू झाली. थांब्यांवर मी साधे पाणी भरपूर प्यायले, लिंबाच्या पाण्याला हात लावला नाही. सूर्य वर आला आणि ऑक्टोबरचे ऊन म्हणजे काय, ते कळू लागले.

निमेट्याच्या अलीकडे माझे डोके दुखू लागले, मळमळले, आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. टोळी पुढे निघून गेली होती. एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी मात्र मागे वळून आली. तिचीही ती पहिलीच लांब दौड होती आणि ती सहज पोहोचली असती. "तू जा गं," मी म्हटले. ती म्हणाली, "नियम आहे ना, काकू. कुणाला एकटं सोडायचं नाही." मागची गाडी येईपर्यंत तिने माझ्या पोटऱ्या चोळल्या. मंडळीतल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मला बरेच रागावले. घामावाटे मीठ जात असताना नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते आणि ते जिवावरही बेतू शकते. नेहमीच्या जेवणात साखर टाळणे निराळे आणि तीन तास धावताना टाळणे निराळे, असे त्यांनी मला समजावले. आजवा न पाहताच मी गाडीतून परतले. मला माझ्यापेक्षा त्या मुलीची दौड हुकली याचे अधिक वाईट वाटत होते.

घरी अण्णा सज्जात बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी काही विचारले नाही. दुपारी चहा देताना मीच सारे सांगितले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "सूनबाई, आम्हांला मल्लखांबावर चढायचं आधी शिकवलं नाही. आधी शिकवलं ते उतरायला. ज्याला उतरता येत नाही, त्यानं चढू नये, असं वस्ताद म्हणायचे. तुमचे साहेब वस्तादच दिसतात. त्यांचं ऐका." त्या दिवसापासून "कोण लागलंय पाठीमागे" हा प्रश्न बंद झाला.

तीन आठवड्यांनी साहेबांनी पुन्हा आजवाच ठरवला. या वेळी मी त्या मुलीच्या बरोबरीने, सर्वांच्या मागे धावले. वाटभर आम्ही बोलत होतो : तिची परीक्षा, माझ्या माहेरचे गाव, चकल्यांचे मोहन. प्रत्येक थांब्यावर तिने माझ्या हाती लिंबाचे पाणी दिले आणि मी मुकाट्याने प्यायले. निमेट्याला, मागे जेथे बसले होते तेथे, तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "चल."

आणि मग तो बांध आला. १८८५ साली सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या तलावाचे काम सुरू झाले. म्हणून त्याचे नाव सयाजी सरोवर. शहर या तलावाहून सखल, त्यामुळे पाणी आपल्या उताराने तेथवर जाते, असा विचार करून हे काम झाले. मातीच्या त्या लांबलचक बांधावर उभी राहिले, तेव्हा समोर नुसते पाणी होते. आम्ही तीन तास धावून आलो ती वाट हे पाणी रोज, न बोलता, आपल्या गतीने उलटी चालत जाते आणि आमच्या माठात उतरते. त्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता. दोघींनाही बोलवेना, पण धाप मात्र लागली नव्हती.

घरी पोहोचले तो अकरा वाजले होते. अण्णा सज्जातच होते. किती वेळ लागला, कितवा नंबर आला, असे त्यांनी काही विचारले नाही. माझ्या बुटांवरच्या धुळीकडे पाहून म्हणाले, "आजव्याला पाणी किती?"

"भरलंय, अण्णा. काठोकाठ."

"मग वर्षाची काळजी मिटली," ते म्हणाले, आणि पेल्यातले उरलेले पाणी त्यांनी सावकाश पिऊन टाकले.