दीड कोटीची गाडी आणि न्हावऱ्याचा प्लग

शुक्रवारी संध्याकाळी मावसभावाचा फोन आला. ‘अगं, तू पेपरात गाड्यांबद्दल लिहितेस ना? मग एक गाडी बघायचीय. इलेक्ट्रिक. मर्सिडीज.’ माझी स्वतःची गाडी म्हणजे सात वर्षं जुनी स्कूटर. पण दादा सीरियस होता. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला त्यांची शेती आहे. थोडी जमीन रस्त्यात गेली, तिचे पैसे नुकतेच हातात आलेत. पुण्यातल्या एका डीलरकडे त्यानं सेकंडहँड ईक्यूएस ५८० हेरून ठेवली होती. सोमवारपर्यंत टोकन द्यायचं होतं. डीलरनं विकेंडपुरती गाडी दिली आणि दादानं मला शेजारी बसवलं. मावशीनं फोनवर एवढंच सांगितलं, ‘त्याच्या नादी लागू नकोस. खरं काय ते सांग.’

म्हणजे आता जबाबदारी आली!

जिथली गाडी, तिथूनच सुरुवात

शनिवारी सकाळी मुद्दाम चाकणमार्गे निघालो. ही गाडी जर्मन असली तरी तिची जुळवणी इथेच, चाकणच्या कारखान्यात झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती १ कोटी ५५ लाख. तिचीच थोरली बहीण, एएमजी ईक्यूएस ५३, त्याच्या आदल्याच महिन्यात आली होती. ती तयारच आयात व्हायची, म्हणून २ कोटी ४५ लाख. दोन्ही एकसारख्या नाहीत हे मान्य, एएमजीची ताकद बरीच जास्त आहे. पण आयातीचा कर किंमत कुठच्या कुठे नेतो, हे यातून कळतं.

चाकणहून शिक्रापूर, तिथून नगर रस्ता. कंटेनर, उसाच्या ट्रॉल्या, कंपन्यांच्या बस. अशा गर्दीत ५.२ मीटर लांबीची गाडी चालवायची म्हणजे पोटात गोळाच येतो. पण तिची मागची चाकंही वळतात, १० अंशांपर्यंत. त्यामुळे रांजणगावच्या पार्किंगमध्ये ती एखाद्या हॅचबॅकसारखी फिरली. महागणपतीला नवीन गाडी आणून हार घालायची पद्धत आहेच. हारवाल्यानं विचारलं, ‘पूजा करायची का?’ दादा लाजून म्हणाला, ‘अजून आपली नाय.’

पुढे रस्ता मोकळा झाल्यावर दादानं थोडा पाय दाबला. ५२३ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ४.३ सेकंदांत, असं कंपनी सांगते. आकडे वाचणं वेगळं आणि मान सीटला चिकटणं वेगळं. आवाज नाही, धक्का नाही, फक्त पुढचा ट्रक एकदम जवळ येतो. मला तर भीतीच वाटली. अडीच टन वजन थांबवायलाही लागतं, हे विसरायला होतं. आपल्या रस्त्यावर हा वेग वापरायला मिळतो तो ओव्हरटेकच्या तीन सेकंदांपुरताच.

‘बॉनेट उघड की!’

शिरूरला घोडनदीच्या अलीकडे चहाला थांबलो आणि दहा मिनिटांत वीस माणसं जमली. सगळ्यांची एकच फर्माईश, इंजिन दाखवा. आता पंचाईत अशी की या गाडीत इंजिन नाहीच, आणि बॉनेटही मालकानं उघडायचं नसतं. ते सर्व्हिस सेंटरचं काम. काच धुवायचं पाणी भरायला बाजूला छोटं झाकण आहे, बस्स. एक आजोबा म्हणाले, ‘म्हंजी पैसे आपले आन् चावी त्यांची.’ मी लगेच डायरीत लिहून घेतलं.

मग डॅशबोर्डवरची ५६ इंचांची स्क्रीन दाखवली, तेव्हा पोरं खूश झाली. न्हावऱ्याच्या रस्त्यावर मात्र स्क्रीनपेक्षा एअर सस्पेन्शन कामी आलं. बिनरंगाचे स्पीडब्रेकर दिसले की बटण दाबून गाडी वर उचलायची. एकदा बटण दाबायचं राहिलं. खालून जो ‘खर्रर्र’ आवाज आला, त्यानं दादाचा चेहरा पांढरा पडला. बॅटरी तिथेच असते, पोटाखाली.

रात्रीचा हिशोब

घरी पोचलो तेव्हा ११५ किलोमीटर झाले होते आणि बॅटरी ९० वरून ६९ टक्क्यांवर आली होती. कागदावरची एआरएआय रेंज ८५७ किलोमीटर. आमच्या हिशोबानं एसी लावून, नॉर्मल चालवून साधारण ५५०. तरीही पुणे-शिरूर-पुणे तीनदा होईल. रेंजची चिंता इथे संपते.

चिंता सुरू होते प्लगपाशी. बॅटरी १०७.८ युनिटांची. घरात सिंगल फेज. रात्री नऊला १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावली. सकाळी सहाला बघितलं, तर वीस टक्के वाढले होते. म्हणजे शून्यापासून पूर्ण भरायला जवळजवळ दोन दिवस! थ्री फेजवर ११ किलोवॅटचा चार्जर बसवला तर तेच काम दहा-अकरा तासांत होतं.

थ्री फेज वाड्यापासून दोनशे पावलांवर आहे, विहिरीवर. पण ती शेतीची लाईन, सवलतीची. तिच्यावर गाडी लावता येत नाही, लावूही नये. आणि ती येते ठरावीक तासच. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. जेवणं झाल्यावर काका बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी असा सगळा जामानिमा घेऊन उसाला दारं धरायला निघाले. गाणी बिबट्यासाठी. या पट्ट्यात उसात बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, रोजचं झालंय. दिवसा वीज द्या, ही इथली जुनी मागणी आहे.

अंगणात गाडी चार्जिंगचा दिवा लावून उभी होती. दादा बराच वेळ काकांच्या बॅटरीचा उजेड बघत होता. कोणी काही बोललं नाही.

दौंडमार्गे परत

रविवारी पारगावला भीमा ओलांडली, चौफुल्याला लावणीच्या थिएटरांचे बोर्ड मागे टाकले आणि दौंडला आलो. जंक्शनवर इलेक्ट्रिक इंजिनं भराभर सुटत होती. त्यांना चार्जिंगचा प्रश्नच नाही, तार डोक्यावर!

येताना सोलापूर रस्त्यावर एका हॉटेलपाशी फास्ट चार्जर दिसला. दोन गनपैकी एक बंद, दुसरीवर टॅक्सी. ही गाडी २०० किलोवॅटपर्यंत वीज घेऊ शकते, मग १० ते ८० टक्के अर्ध्या तासात. पण तो चार्जर होता ६० चा. त्यावर सव्वा तासाच्या वरच. गाडी कितीही पळो, भरणार चार्जरच्याच वेगानं.

पुण्यात पोचलो तेव्हा ६४ टक्के शिल्लक. दोन दिवसांत २५५ किलोमीटर, साधारण ५० युनिटं. युनिटला दहा रुपये धरले तर पाचशे रुपये!

मग घ्यायची का?

तुमच्याकडे बंगला किंवा स्वतःचं पार्किंग, थ्री फेज मीटर आणि दुसरी गाडी असेल, तर ही गाडी खरंच सुख आहे. सेकंडहँड घेताना बॅटरीच्या तब्येतीचा कंपनीचा रिपोर्ट मागा. बॅटरीची वॉरंटी १० वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर होती, ती तुमच्या नावावर होते का ते लेखी घ्या. गाडी रॅम्पवर चढवून पोट बघा. आणि करांवर लक्ष ठेवा. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता, मग तो मागे घेतला गेला. घरातली एकुलती एक गाडी म्हणून, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून? नको.

दादाला मी हेच सांगितलं. पुढे एवढंच म्हटलं की गाडी पास आहे, अंगण अजून नापास आहे.

सोमवारी त्यानं टोकन दिलं नाही. आधी घराला थ्री फेजचा अर्ज आणि काकांसाठी सौर पंप, जेणेकरून पाणी दिवसा देता येईल. गाडीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाला. संध्याकाळी मावशीचा फोन आला. मला वाटलं शाबासकी मिळणार. तर म्हणाली, ‘गाडी चांगली होती गं पण. पाठ अजिबात दुखली नाय.’